जुनाट दुखण्यावर ओपिऑइड द्यायचं की नाही, हे डॉक्टर आणि फार्मसिस्ट कसं ठरवतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मसिस्ट आहे, पेन क्लिनिकच्या चिठ्ठ्या बघण्यात बरीच वर्षं गेली. काउंटरवर लोक तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, मागे रांग असते, मग उत्तर अर्धवट दिलं जातं आणि समोरचा माणूस "आपल्यावर संशय घेतला" असं मनात धरून घरी जातो. त्याची मला खरंच रुखरुख लागते म्हणून इथे नीट बसून लिहितेय. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याबद्दलच हे आहे. कॅन्सरचं दुखणं, आयुष्याचा शेवटचा टप्पा आणि सिकल सेलचं दुखणं यांचं गणित पूर्ण वेगळं असतं, तिथे खालचे नियम लावू नका.

ओपिऑइड म्हणजे नेमकी कोणती औषधं?

मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, ऑक्सिकोडोन, फेंटानिल, मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन ही सगळी त्यातलीच. काही अफूपासून येतात, काही पूर्णपणे कारखान्यात बनतात, पण काम करायची जागा साधारण एकच, मेंदूतले आणि मणक्यातल्या मज्जारज्जूतले ठराविक रिसेप्टर (औषध जिथे चिकटून काम करतं त्या जागा). अडचण अशी की ज्या रिसेप्टरमुळे दुखणं कमी जाणवतं त्याच्याचमुळे आतडी सुस्त होतात आणि श्वासही मंदावतो. म्हणजे फायदा घेताना धोका बाजूला काढून ठेवता येत नाही, दोन्ही एकाच गोळीतून येतात. आणि हो, तुमच्या पॅरासिटामॉलच्या गोळीतसुद्धा ट्रामाडॉल किंवा कोडीन मिसळलेलं असू शकतं, पाकिटावरचं बारीक अक्षर एकदा वाचा.

ऑपरेशननंतर ज्या गोळीने लगेच बरं वाटलं, तीच आता कंबरदुखीला का देत नाहीत?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. ऑपरेशननंतरचं दुखणं जखमेचं असतं, जखम भरते, दुखणं जातं, गोळी थोडे दिवस लागते. वर्षानुवर्षं चाललेल्या दुखण्यात बऱ्याचदा नसा आणि मेंदू स्वतःच जास्त संवेदनशील झालेले असतात, आणि गोळी मात्र महिनोन्महिने घ्यावी लागते, त्या काळात शरीराला तिची सवय होते, परिणाम कमी होत जातो.

हे नुसतं मत नाहीये. २०१८ मध्ये अमेरिकेत 'स्पेस' नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. जुनी कंबरदुखी किंवा खुब्याचा, गुडघ्याचा संधिवात असलेले २४० रुग्ण घेतले, अर्ध्यांना ओपिऑइड आणि अर्ध्यांना इतर औषधं, वर्षभर. रोजची कामं करण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही, दुखण्याची तीव्रता उलट ओपिऑइड न घेणाऱ्यांची किंचित कमी निघाली, आणि साइड इफेक्ट ओपिऑइडवाल्यांना जास्त झाले. म्हणून डॉक्टर आधी व्यायाम आणि फिजिओथेरपी, सूज कमी करणाऱ्या गोळ्या किंवा चोळायचं जेल, नसांच्या दुखण्याला ड्युलोक्सेटिन, गॅबापेंटिन वगैरे, आणि दुखण्यासोबत जगायला मदत करणारी समुपदेशनाची थेरपी यांच्याकडे वळतात. टाळाटाळ म्हणून नाही हो. हे उपाय हळू चालतात, मान्य आहे, आणि रात्री दोन वाजता कळ येते तेव्हा "व्यायाम करा" हे ऐकायला किती वाईट वाटतं तेही कळतं.

म्हणजे कोणालाच देत नाहीत का?

देतात. बाकीचं करून झालं, पुरलं नाही, किंवा किडनी, पोट, हृदयामुळे बाकीच्या गोळ्या चालतच नाहीत, अशा वेळी देतात आणि काही लोकांना खरोखर फायदा होतो. स्पेस चाचणीत सरासरी दिसली, सरासरी म्हणजे तुम्ही नव्हे. म्हणून चांगला डॉक्टर ती 'ट्रायल' म्हणूनच सुरू करतो: साधी, लगेच काम करून लवकर उतरणारी गोळी, कमीत कमी डोस, आणि १ ते ४ आठवड्यांत परत भेट. दीर्घ काळ टिकणाऱ्या गोळ्या किंवा पॅच यांनी सुरुवात करायची नसते. नंतरही साधारण दर ३ महिन्यांनी बसून पुन्हा ठरवायचं की हे चालू ठेवायचं का.

आणि सुरू करायच्या आधीच थांबायचं कधी हे बोलून घेतलेलं बरं. "महिन्याभरात बाजारातून चालत परत येता आलं नाही तर बंद करू" असं आधी ठरलेलं असेल तर पुढे बंद करताना कोणालाच ती शिक्षा वाटत नाही. हे बोलणं राहून गेलं की पुढचे सगळे वाद तिथूनच सुरू होतात, हा माझा अनुभव.

दुखणं १० पैकी ८ आहे असं सांगितलं तरी "जिना चढता का, झोप लागते का" हेच का विचारतात?

कारण ८ चा आकडा एकटा काही सांगत नाही. एकाचं दुखणं ८ वरून ७ वर येतं पण तो पुन्हा कामावर जायला लागतो, दुसऱ्याचं ८ वरून ४ वर येतं पण तो दिवसभर गुंगीत पडून असतो. कोणाला फायदा झाला म्हणायचं? म्हणून पेग नावाची तीन प्रश्नांची छोटी मोजणी वापरतात: आठवड्याभरात सरासरी किती दुखलं, दुखण्यामुळे जगण्यातला आनंद किती गेला, आणि रोजच्या कामात किती आडकाठी झाली. तिन्हीला ० ते १० आणि मग सरासरी. साधारण ३० टक्के सुधारणा दिसली तर औषधाचा उपयोग होतोय असं धरतात.

मला ही पद्धत मनापासून पटते. "तुम्हाला खरंच दुखतंय का" हा प्रश्नच तिथे येत नाही. दुखतंय हे मान्यच आहे, बघायचं एवढंच की या गोळीने तुमचा दिवस बदलला की नाही.

ते 'एमएमई' काय असतं? फार्मसिस्ट कॅल्क्युलेटर काढून काय मोजतात?

वेगवेगळ्या ओपिऑइडची ताकद वेगळी असते, तर सगळ्यांना मॉर्फिनच्या मापात आणायचं, म्हणजे दिवसाला किती मिलिग्रॅम मॉर्फिनइतकं होतं ते बघायचं. ऑक्सिकोडोनला १.५ ने गुणतात, म्हणजे दिवसाचे ४० मिलिग्रॅम झाले ६०. कोडीनला ०.१५. ट्रामाडॉलला आधी ०.१ धरायचे, २०२२ पासून ०.२ धरतात, म्हणजे २०० मिलिग्रॅमचे ४०. फेंटानिलचा तासाला २५ मायक्रोग्रॅमवाला पॅच म्हणजे जवळपास ६०, एवढासा स्टिकर दिसतो पण.

अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्याच्या सरकारी संस्थेने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ५० च्या पुढे जाताना पुन्हा विचार करा आणि ९० च्या पुढे जाणं टाळा असं होतं. सूचनाच होत्या त्या. पण बऱ्याच ठिकाणी लोकांनी त्याचा कायदा करून टाकला, वर्षानुवर्षं स्थिर असलेल्या रुग्णांचे डोस आकड्यात बसवण्यासाठी खटाखट कापले गेले, आणि त्यात माणसांचे फार हाल झाले. २०२२ मध्ये सीडीसीने सूचना बदलल्या, ९० ची रेघ काढून टाकली आणि स्पष्ट लिहिलं की हे आकडे सरसकट सगळ्यांना लावायचे नाहीत. तरी ५० ला अर्थ आहेच, त्याच्या वर बहुतेकांना फायदा फारसा वाढत नाही, धोका मात्र वाढत जातो. आकडा बघून थांबायचं, विचार करायचा, विचारायचं. आकडा बघून निकाल लावायचा नाही.

अजून एक, हे गणित एका ओपिऑइडवरून दुसऱ्यावर जाताना जसंच्या तसं लावत नाहीत. नव्या औषधाची तेवढी सवय शरीराला नसते, म्हणून हिशोबातून निघालेला डोस २५ ते ५० टक्के कमी करून सुरू करतात. घरी बसून नेटवरच्या तक्त्याने गोळ्यांची अदलाबदल कृपा करून करू नका, यात जीव जातो. मेथाडोनच्या बाबतीत तर अजिबातच नाही, ते शरीरात दिवसेंदिवस साठत जातं आणि हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम करतं.

ट्रामाडॉल तर हलकं असतं ना?

असं सगळ्यांनाच वाटतं, कधीकधी लिहून देणाऱ्यांनाही. ट्रामाडॉल आणि कोडीन दोन्ही लिव्हरमधल्या एका एन्झाइमवर अवलंबून असतात, तो एन्झाइम औषधाचं रूपांतर जास्त ताकदीच्या रूपात करतो. हा एन्झाइम काहींमध्ये जवळपास काम करत नाही, मग गोळीचा उपयोगच होत नाही, आणि काहींमध्ये फार वेगाने करतो, मग साध्या डोसनेही श्वास मंदावू शकतो. १२ वर्षांखालच्या मुलांना ही दोन्ही द्यायची नाहीत असं २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) सांगितलं ते यामुळेच.

त्यात ट्रामाडॉलने फिट येण्याचा धोका वाढतो, आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांसोबत घेतलं तर शरीरात सेरोटोनिन नावाचं रसायन जास्त होऊन थरथर, घाम, ताप, गोंधळलेपणा असं होऊ शकतं. पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन यांच्यासारख्या गोळ्या तोच एन्झाइम अडवतात, म्हणजे दुखणं कमी होत नाही आणि वर सेरोटोनिनचा धोका. मग रुग्ण म्हणतो गोळी लागू पडत नाही, डोस वाढवा. अशा वेळी फार्मसिस्टने सगळ्या औषधांची यादी एकत्र बघितली नाही तर खरं कारण कोणाच्याच लक्षात येत नाही.

डॉक्टरांनी लिहून दिलंय, मग फार्मसिस्ट मध्ये का पडतात?

ते आमचं कामच आहे म्हणून. डॉक्टरांसमोर तुमचा आजार असतो, आमच्यासमोर तुमची सगळी औषधं असतात, दातांच्या डॉक्टरांनी दिलेली, मानसोपचार तज्ज्ञांनी दिलेली, सर्दीची सुद्धा. चिठ्ठी हातात आली की मनात भराभर प्रश्न येतात: हा माणूस ओपिऑइड पहिल्यांदाच घेतोय की आधीपासून घेतोय, डोस अचानक दुप्पट का झाला, सोबत झोपेची गोळी आहे का, किडनी कशी आहे (मॉर्फिनचे उरलेले घटक किडनीतूनच बाहेर जातात, किडनी कमजोर असेल तर ते साठतात आणि गुंगी वाढत जाते), झोपेत श्वास अडकायचा त्रास आहे का, वय किती, दारू घेतात का, मागच्या गोळ्या इतक्या लवकर कशा संपल्या.

फोन करून डॉक्टरांना विचारलं म्हणजे तुमच्यावर अविश्वास दाखवला असं नाही. पण एक मान्य करते, आमच्यातले काही जण "स्टॉक नाही" म्हणून माणसाला परत पाठवतात, कारण खरं बोलायचा कंटाळा किंवा भीती. हे चूक आहे. काय खटकतंय ते तोंडावर सांगायला हवं, डॉक्टरांशी बोलायला हवं, आणि रोज घेणाऱ्या माणसाला मध्येच औषधाविना लटकवून ठेवायचं नाही.

झोपेची किंवा टेन्शनची गोळी सोबत घेतली तर एवढं काय होतं?

श्वास थांबू शकतो, झोपेत, कोणाला कळायच्या आत. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही सगळी बेन्झोडायझेपिन, आणि या जोडीबद्दल एफडीएने २०१६ मध्ये सगळ्यात कडक प्रकारचा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापायला लावला. दारूचंही तसंच. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन लोकांना निरुपद्रवी वाटतात पण ओपिऑइडसोबत, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत आणि फुप्फुसं कमजोर असलेल्यांत, तीही श्वास मंदावतात. मात्र बेन्झो बरीच वर्षं चालू असेल तर घाबरून उद्यापासून बंद करू नका, तीही अचानक थांबवली की फिट येऊ शकते. डॉक्टरांना सांगा, बाकी ते बघतील.

लघवीची तपासणी करायला सांगितली, मी काय गुन्हेगार आहे का?

वाईट वाटणं साहजिक आहे. ही तपासणी सगळ्यांची सारखी करायची असते, चेहरा बघून निवडक लोकांची नाही, आणि आधी समजावून सांगून करायची असते. तिच्यात चुकाही होतात हे तुम्हाला माहीत असू द्या. साधी झटपट चाचणी मॉर्फिन, कोडीन पकडते पण फेंटानिल, मेथाडोन, ट्रामाडॉल बऱ्याचदा पकडतच नाही, म्हणजे प्रामाणिकपणे औषध घेणाऱ्याचा रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो आणि उगाच शंका येते की हा गोळ्या विकतोय का. खसखस खाल्ल्याने रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' येऊ शकतो. कोडीन घेणाऱ्याच्या लघवीत मॉर्फिन दिसणारच, कारण शरीर तेच बनवतं. म्हणून निर्णय घ्यायच्या आधी मोठ्या लॅबची पक्की चाचणी आणि रुग्णाशी बोलणं, दोन्ही व्हायला हवं. एका पट्टीवरून कोणाचं औषध बंद झालं असेल तर ते अन्यायाचं आहे आणि तसं डॉक्टरांना सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मला व्यसन लागेल का?

आधी दोन शब्द वेगळे करू. रोज काही आठवडे घेतल्यावर गोळी चुकली की घाम, जुलाब, अंगदुखी, बेचैनी होते, ते शरीराचं अवलंबन, ते जवळपास प्रत्येकाला होतं आणि त्यात तुमचा काही दोष नाही. व्यसन म्हणजे नुकसान होतंय हे दिसत असूनही थांबता न येणं, गोळीभोवतीच दिवस फिरणं. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात, जुनाट दुखण्यासाठी ओपिऑइड घेणाऱ्यांपैकी साधारण ८ ते १२ टक्के लोकांना व्यसन जडल्याचं दिसलं. म्हणजे बहुतेकांना होत नाही, पण दुर्लक्ष करण्याइतकं कमीही नाही.

आधी दारूचं किंवा इतर कशाचं व्यसन होतं का, घरात कोणाला होतं का, डिप्रेशन आहे का, हे प्रश्न म्हणूनच विचारतात. खरं सांगा. "हो" म्हटलं म्हणून औषध मिळणारच नाही असं नसतं, देखरेख वाढते, कमी दिवसांच्या गोळ्या देतात, किंवा ब्युप्रेनॉर्फिनचा विचार होतो. या औषधात श्वास मंदावण्याला एक मर्यादा असते, डोस वाढवला तरी परिणाम तेवढा वाढत जात नाही, त्यामुळे बाकीच्यांपेक्षा सुरक्षित (झोपेच्या गोळ्या आणि दारू सोबत नसेल तर), आणि व्यसनावरचा उपचारही तोच आहे. मला वाटतं जुनाट दुखण्यात याचा विचार जितका व्हायला हवा तितका होत नाही.

पूर्वी एका गोळीत भागायचं, आता दोनही पुरत नाहीत. डोस वाढवायचा का?

लगेच नाही. सवय झाली असेल, मूळ आजार वाढला असेल, झोप उडाली असेल, मन खचलं असेल. आणि एक विचित्र गोष्टही होते, ओपिऑइडमुळेच शरीर दुखण्याला जास्त संवेदनशील होतं, मग आधी फक्त कंबर दुखायची ती आता सगळं अंग दुखतं, नुसता हात लागला तरी दुखतं. अशा वेळी डोस वाढवला तर दुखणं वाढतं, आणि कमी केला तर बरं वाटू शकतं.

पॅच लावतात त्याबद्दल काय काळजी घ्यायची?

फेंटानिलचा पॅच आधी ओपिऑइडची सवय नसलेल्या माणसाला कधीच लावायचा नाही, हे फार्मसीत आम्ही डोळ्यात तेल घालून बघतो. लावल्यावर परिणाम यायला १२ ते २४ तास लागू शकतात, म्हणून "काही होत नाही" म्हणत दुसरा चिकटवू नका. त्यावर गरम पाण्याची पिशवी, हीटिंग पॅड नको, ताप आला तरी डॉक्टरांना कळवा, उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं. ३ दिवसांनी काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध उरतं, लहान मुलाने तोंडात घातला तर जीवावर बेततं, तेव्हा चिकट बाजू आत दुमडून त्याची विल्हेवाट कशी लावायची ते फार्मसिस्टला विचारून घ्या.

नॅलोक्सोन कशाला लिहून दिलं? मी काही ओव्हरडोस घेणार नाहीये.

नॅलोक्सोन म्हणजे ओपिऑइडचा परिणाम उलटवून श्वास परत सुरू करणारं औषध. घराला आग लावणार नसतानाही आपण आग विझवायचं यंत्र ठेवतोच ना, तसं. डोस ५० एमएमई किंवा वर असेल, सोबत बेन्झो असेल, झोपेत श्वास अडकत असेल, किंवा काही दिवस औषध बंद राहून परत सुरू करत असाल (सवय उतरलेली असते, जुना डोस आता जड जातो), तर घरात हवंच. नाकात मारायचा स्प्रे मिळतो. माणूस हाक मारून उठत नाही, श्वास फार हळू किंवा घरघर आवाज, ओठ निळसर, अशी लक्षणं दिसली की मारायचा आणि लगेच अँब्युलन्स बोलवायची, कारण स्प्रेचा परिणाम ३० ते ९० मिनिटांत उतरतो आणि गोळीचा त्यानंतरही राहू शकतो. हे तुम्ही स्वतः स्वतःला देऊ शकणार नाही, म्हणून घरातल्यांना शिकवून ठेवा.

डॉक्टर डोस कमी करू म्हणतात, मला भीती वाटते.

भीती खरी आहे. वर्षापेक्षा जास्त काळ घेत असाल तर महिन्याला साधारण १० टक्के किंवा त्याहूनही हळू कमी करायचं असतं, मध्ये थांबताही येतं. आणि तुमची संमती घेऊन. थेट जीवाचा धोका दिसत नसेल तर जबरदस्तीने डोस कापणं मला अजिबात पटत नाही. २०१९ मध्ये एफडीएने अचानक बंद करण्याविरुद्ध इशारा दिला: तीव्र त्रास, न सोसवणारं दुखणं, आत्महत्येचे विचार. २०२१ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात डोस कमी केलेल्या रुग्णांत ओव्हरडोस आणि मानसिक संकटं जास्त दिसली. म्हणजे चालू ठेवण्यात धोका आहे तसा घाईने बंद करण्यातही आहे, आणि हा दुसरा धोका कागदावर कोणाच्या नावे लिहिला जात नाही म्हणून तो कमी वाटतो.

आणि डॉक्टरांनी एकदम बंदच केलं तर?

गप्प बसून सहन करू नका, आणि ओळखीच्यांकडून गोळ्या मागून घेऊ नका, त्यात काय असेल सांगता येत नाही. त्याच डॉक्टरांकडे हळूहळू कमी करायचा लेखी प्लॅन मागा, नाही दिला तर दुसरे डॉक्टर, पेन क्लिनिक, किंवा तुमचा फार्मसिस्ट. जगणं नकोसं वाटायला लागलं तर त्याच दिवशी घरातल्या कोणालातरी सांगा आणि इमर्जन्सीत जा.

पोट साफ होत नाही, होईल का सवय?

गुंगी आणि मळमळ थोड्या दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठता नाही होत. ती गोळी चालू आहे तोवर राहते. नुसत्या इसबगोलाने भागत नाही, आतडी हलवणारं सेनासारखं (सोनामुखीचं) औषध किंवा पाणी खेचणारं मॅक्रोगोल पहिल्या दिवसापासूनच सुरू करायला हवं. चिठ्ठीत दिसलं नाही तर मी स्वतः विचारते, तुम्हीही विचारा.

भेटीला जाताना काय घेऊन जाऊ?

सगळ्या औषधांची पाकिटं एका पिशवीत घालून, काउंटरवरून घेतलेली आणि आयुर्वेदिक धरून. आठवड्याभराची छोटी नोंद: गोळी कधी घेतली, त्यानंतर काय करता आलं, कधी गुंगी आली, रात्री किती वेळा जाग आली. घरातलं कोणी सोबत असेल तर उत्तम, झोपेत श्वास अडकतो का ते त्यांनाच माहीत असतं. आणि एक वाक्य ठरवून जा, "मला परत अमुक करता यायला हवंय". मांडी घालून बसणं असेल, नातीला उचलून घेणं असेल, काहीही असो. दुखणं शून्य करून द्या म्हटलं तर डॉक्टरांकडे खरं उत्तर नसतं, पण नातीला उचलायचंय म्हटलं की ते फिजिओपासून गोळीपर्यंत सगळं त्या हिशोबाने बघायला लागतात.